पुस्तकात वाघ नाही

आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझ्या बायकोला सातपुड्यात वाघाने खाल्लं, आणि त्यामुळे तिचं नंदुरबारला परत येणं बरंच लांबलं.

(ती खुशाल आहे. वरचं वाक्य तिने वाचलं आहे आणि “खरं शे ते लिखा” अशी परवानगीही दिली आहे.)

वाघाने तिला खाल्लं ते सोंगट्यांच्या पटावर. तेव्हा आमचं नंदुरबार पश्चिम खानदेशात होतं आणि मी तिथे कचेरीत कारकून होतो. आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी जातात. गौराई बसते, झाडांना झोके बांधतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आमरसात बुडतात. पुरुष मंडळी भरदिवसा पत्ते कुटत बसतात आणि त्या सणात त्यांना कोणी चकार शब्द बोलत नाही. पण ब्राह्मणपुरीला, माझ्या सासुरवाडीला, पत्ते नव्हते. तिथे आबांचा पट होता.

आबा म्हणजे माझे सासरे. कापूस आणि केळी पिकवणारा माणूस. मिशा भरपूर, बोलणं मोजकं. त्यांच्या घरची रीत अशी की लेकीला न्यायला आलेल्या जावयाने अंगणातल्या निंबाखाली बसून एक डाव खेळायचा. जावयाच्या चार सोंगट्यांपैकी एकीला बायकोचं नाव द्यायचं. ती सोंगटी सगळ्या पटाला फेरी मारून मधल्या घरात पोचली, की दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीची पाठवणी. त्याआधी समोरच्याच्या चारही सोंगट्या पोचल्या, तर जावयाने हात हलवत परत जायचं. मग आबा लेकीला ‘सवडीने’ आणून पोचवणार. आबांची सवड शेताच्या हातात होती आणि शेताला माझी काही दया नव्हती.

समोर खेळायला बसे जमना फुई, आबांची थोरली बहीण. फुईने आयुष्यभर दोनच गोष्टी हाताळल्या होत्या, चुलीवरची फुंकणी आणि कवड्या, आणि कवड्या तिचं जास्त ऐकत. आबा स्वतः खेळत नसत. ते पटाच्या उशाशी बसून ‘पट सांगत’. म्हणजे पटाची एक पट्टी म्हणजे ब्राह्मणपुरीचं शिवार, दुसरी शहाद्याचा बाजार, तिसरी सातपुडा, चौथी तापी, आणि मधलं घर म्हणजे माझी नंदुरबारची भाड्याची खोली. सोंगटी सरकली की आबा डोळे मिटून सांगायचे, “आते यमुना शहादाले उनी. बांगड्या भरी ऱ्हायनी. एक दान थांबा.” की मी एक दान थांबायचं. दान म्हणजे कवड्या टाकण्याची पाळी. ती हातची जायची आणि तिकडे यमुना बांगड्या भरत बसायची!

पहिल्याच वर्षी मी विचारलं होतं, “आबा, ब्राह्मणपुरीहून नंदुरबारला जायला वाटेत सातपुडा कशाला?”

“सातपुडाले गयाशिवाय मध कथाईन मिळी?” आबा म्हणाले.

मी नवा जावई होतो, आणि त्या वर्षी मध घेऊन यमुना घरी आलीसुद्धा.

दुसऱ्या वर्षी मात्र कहर झाला. माझी सोंगटी सातपुड्याच्या टोकाला. फुईच्या दोन सोंगट्या अजून पटाबाहेर. डाव माझ्या हातात आला होता, मी मनातल्या मनात एस.टी.त खिडकीची जागा धरत होतो, आणि आबांनी डोळे मिटले.

“जवाईबापू,” ते हळहळून म्हणाले, “तुमनी यमुनाले वाघनी खाई टाकं.”

“काय?”

“खाई टाकं. पहिलाथून चालू करा.”

“अहो आबा, सोंगट्यांच्या खेळात वाघ कुठून आला?”

“तोरणमाळथून.”

“पण कुठल्या नियमाने?”

आबांनी पहिल्यांदा डोळे पूर्ण उघडले. “पट मन्हा, कवड्या मन्ह्या, आंडेर मन्ही. वाघ बी मन्हाच.”

अंगण हसलं. मेलेली आंडेर, म्हणजे त्यांची लेक यमुना, दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. मी हरलो आणि एकटाच परत आलो. आबांनी तिला आणून पोचवलं तेव्हा बरोबर कुरडयांचा भलामोठा डबा होता. (त्या डब्यावरून मला तेव्हाच काहीतरी सुचायला हवं होतं. मी फक्त कुरडया तळून खाल्ल्या.)

आता मी कारकून. माझं सगळं आयुष्य नियमांवर उभं. शिपायाला छत्री कोणत्या महिन्यात द्यायची यालासुद्धा आमच्याकडे नियम, आणि इथे भरल्या संसारात वाघ घुसतो आणि विचारणारा कोणी नाही! वर्षभर मी हे कचेरीत प्रत्येकाला सांगितलं. शेवटी आमच्या अव्वल कारकुनांनी चष्मा कपाळावर ढकलला.

“सासरे असतील ते घरी. पण हा वाघाचा अधिकार कोणत्या नियमाखाली?”

“तेच तर!”

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक चोपडं आणलं. त्यांच्याकडे सुरतेहून आलेला सोंगट्यांचा संच होता, त्याच्या डबीत निघालेलं. पिवळट कागद, बारीक टाइप, पण छापील! एकाखाली एक क्रमांक घातलेले नियम. मी ते उभ्यानेच वाचून काढलं. एकाही ओळीत वाघ नव्हता. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी लोकांची कामं वेळेत केली.

तिसऱ्या वर्षी अखाजी आली, यमुना माहेरी गेली आणि मी पुन्हा खानावळीच्या तोंडी लागलो. तिथल्या वरणात डाळ शोधावी लागे. सदऱ्याची बटणं एकेक करून गेली. संध्याकाळी खोलीचं कुलूप काढलं की आत नुसता उकाडा माझी वाट बघत बसलेला. मला यमुनेची फार आठवण येत होती. तेव्हा नवऱ्याने असं बोलायची पद्धत नव्हती. कार्डावर “प्रकृती ठीक” एवढंच लिहायचं आणि पोस्टात टाकायचं. पण प्रकृती काही ठीक नव्हती. तिला घेतल्याशिवाय यंदा परतायचं नाही, असं ठरवून मी कोटाच्या आतल्या खिशात पुस्तक घातलं आणि एस.टी.त बसलो.

दुपारी निंबाखाली पट अंथरला गेला. घरची माणसं, शेजारची माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या माहेरवाशिणी, सगळे जमले. यमुना दारात उभी होती. आबांनी उशाशी बैठक मारली, डोळे मिटले आणि मी खिशातून पुस्तक काढलं.

“आबा, यंदा खेळ नियमाने व्हावा अशी माझी नम्र विनंती आहे.” (मी घाबरलो की कचेरीची मराठी बोलतो.)

“काय शे ते?”

“सोंगट्यांचे अधिकृत नियम. छापील.”

फुईने कपाळाला हात लावला. “वं माय वं! पुस्तक देखी देखी खेळस का कोनी?”

“वाचा बरं,” आबा म्हणाले.

मी उभा राहिलो. कचेरीत जाहीरनामा वाचतात त्या आवाजात वाचू लागलो. दस, पंचवीस किंवा तीस पडल्याखेरीज सोंगटी पटावर आणता येणार नाही. ही तीन मोठी दानं. लागोपाठ तीन वेळा मोठं दान पडल्यास ती तिन्ही रद्द समजावीत. प्रतिपक्षाची किमान एक सोंगटी मारल्याखेरीज आपली सोंगटी मधल्या घरात नेता येणार नाही. प्रत्येक नियमानंतर मी थांबून सभोवार बघत होतो. दारातून यमुना माझ्याकडे डोळे वटारून मान हलवत होती. नवऱ्याचं वक्तृत्व तिने प्रथमच ऐकलं, म्हणून भारावली असेल, असं मला वाटलं.

“आणि शेवटचा नियम,” मी आवाज चढवला. “खेळात भाग न घेणाऱ्या इसमाने मध्ये बोलू नये!”

कोणीतरी कडेवरच्या पोराचं तोंड दाबलं.

“हाई पुस्तक लिखणारा,” आबांनी शांतपणे विचारलं, “तेन्ही आंडेर देयेल शे का कोनले?”

“ते पुस्तकात दिलेलं नाही.”

“हां.” आबांनी मिशीवरून हात फिरवला. “बरं. आज पटना धनी पुस्तक. मी इसम.” आणि ते उठले, बाजूच्या खाटेवर जाऊन आडवे झाले आणि त्यांनी डोक्याचं पागोटं डोळ्यांवर ओढून घेतलं.

मी जिंकलो होतो! डाव सुरू व्हायच्या आधीच जिंकलो होतो! लोकशाही म्हणतात ती हीच, असं मला वाटलं आणि मी कवड्या टाकल्या.

दोन पडले.

पुन्हा टाकल्या, तीन. मग चार. मग परत दोन. मी यमुनेची सोंगटी हातात धरून बसलो होतो आणि तिला पटावर पाय ठेवता येईना. दरवर्षी आबा पहिल्याच दानाला म्हणायचे, “जवाई दारशी उभा ऱ्हाई का? येऊ द्या तेले,” आणि सोंगटी बसायची. ही सवलत आहे हे मला कधी कळलंच नव्हतं; मला वाटे, खेळच तसा आहे. तेवढ्यात फुईला पंचवीस पडलं, मग तीस, आणि तिच्या सोंगट्या शहाद्याचा बाजार ओलांडून गेल्या. बांगड्या भरायला त्यांतली एकही थांबली नाही.

शेवटी मलाही पंचवीस पडलं! यमुना पटावर बसली. मोठं दान पडलं की पुन्हा टाकायचं, म्हणून पुन्हा टाकल्या, पंचवीस! आता नशीब उघडलं म्हणून मी कवड्या कपाळाला लावून तिसऱ्यांदा टाकल्या, आणि तीस! मी नाचायचाच बाकी राहिलो.

“तीन झायात,” फुई म्हणाली.

“हो! तीन!”

“मंग पुस्तकमा काय शे?”

मी पुस्तक उघडलं. पुस्तकात जे होतं ते मघाशी मीच जाहीरनाम्याच्या आवाजात वाचलेलं. यमुनेला मी दोन बोटांनी उचललं आणि पुन्हा पटाबाहेर ठेवलं.

दारातून ‘च्च’ असा आवाज आला. “अहो, निदान आते तरी...” यमुना बोलू लागली.

“इसम!” फुईने बोट उगारलं. “मझार बोलानं नही!”

फुईला वाचता येत नव्हतं. पण एकदा ऐकलेला नियम ती विसरत नव्हती, आणि माझ्याविरुद्धचा तर मुळीच नाही.

पुढची कहाणी मी भराभर सांगतो, कारण अजूनही सांगताना घाम येतो. खूप उशिरा माझी यमुना पटावर आली. सातपुड्यातून गेली, वाघ नाही, काही नाही, रस्ता मोकळा. तापी ओलांडली, पूर नाही. खरं सांगायचं तर तो प्रवास फार कंटाळवाणा झाला. जमलेली माणसं जांभया देऊ लागली, एकेक जण उठून पाणी प्यायला गेला तो परतलाच नाही. पण मला त्याचं काय? यमुना मधल्या घराच्या दाराशी आली होती! माझी दुसरी एक सोंगटी मारून फुईने तिच्या तीन सोंगट्या घरात नेल्या होत्या, पण शेवटची अजून मागे होती. मला हवे होते चार, आणि चारच पडले!

मी सोंगटी उचलली.

“कोनले मारं तुम्ही?” फुईने विचारलं.

“म्हणजे?”

“मन्ही एक तरी सोंगटी मारी का? मारल्याबिगर घरमा जाता येत नही. पुस्तक देखा.”

मी कुणाला मारणार? फुईची सोंगटी तावडीत आली होती, नाही असं नाही. पण सासुरवाडीच्या वडीलधाऱ्या बाईची सोंगटी जावयाने मारायची, हे मला बरं दिसेना, म्हणून मी दुसरीच सोंगटी सरकवली होती. आबा असते तर म्हणाले असते, “घरना जवाई कोनले मारस का? जाऊ द्या आंडेरले तिना घर.” मागे एकदा ते असंच म्हणाले होते. मी तेव्हा तो माझा हक्क समजलो होतो.

आता नियमाने काय करायचं? पुस्तकात लिहिलं होतं, अशा सोंगटीने पुढची फेरी चालू ठेवावी. म्हणजे यमुना माझ्या खोलीच्या दारावरून, कुलपाला हात न लावता, सरळ पुढे निघून गेली आणि परत ब्राह्मणपुरीच्या शिवारात शिरली! मी स्वतःच्या हाताने तिला चार घरं पुढे सरकवलं. आणि पुढच्याच दानाला फुईने टपकन ती मारून माझ्या मांडीवर फेकली.

मी खाटेकडे धावलो.

“आबा! उठा ना आबा!”

पागोट्याखालून हुंकार आला.

“आबा, काहीतरी सांगा ना पट! फुईची एकच सोंगटी राहिली आहे. तिला अजून सातपुडा ओलांडायचा आहे. एखादा वाघ... लहानसा चालेल! निदान एखादं तरस?”

आबांनी पागोटं जरासं वर केलं. “पुस्तकमा वाघ शे का?”

“नाही.”

“तरस?”

“नाही हो.”

“मंग? मी इसम. माले बोलाना हक नही.” आणि पागोटं परत खाली आलं.

फुईची सोंगटी घरात पोचली. कुणी टाळी वाजवली नाही, कारण टाळी वाजवायला कुणी उरलंच नव्हतं.

मी तोंड धुवायला म्हणून घराच्या मागे गेलो, तर तिथे यमुना उभी होती. डोळे लाल. मी समजूत घालायला पुढे झालो.

“हात लावू नका माले!” ती फुटली. “डोया करी करी थकनू मी! मान हालाई हालाई थकनू! तुम्ही आपला वाची ऱ्हायनात, वाची ऱ्हायनात!”

“अगं, पण तुझ्यासाठीच वाचत होतो. मागल्या वर्षी त्या वाघाने...”

“तो वाघ मी मांगेल व्हता!”

“तू वाघ मागितलास?”

“मागला साल फुईन्या कुरडया बाकी व्हत्यात. ती एकली काय करी? मी आबाले सांगं, माले आखो ऱ्हावानं शे. मंग आबांनी वाघ सोडा. आणि यंदा मीच सांगेल व्हतं, आबा, माले सकाळेच धाडा. माले आठे करमत नही. ट्रंक भरेल शे मन्ही! आबा म्हणेत, काय काळजी करू नको, तिसरा दानले तुले घर पोचाडसू. आणि तुम्ही...” तिने माझ्या खिशाकडे बोट दाखवलं.

मी तिथेच दगडावर बसलो. ट्रंक भरून ठेवलेली होती. तिला माझ्याशिवाय करमत नव्हतं. लग्नानंतर इतक्या दिवसांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो, आणि ते ऐकायला मला नेमकी हीच वेळ सापडली! रडावं की काय करावं ते कळेना, म्हणून मी पुस्तक काढून एखादी पळवाट मिळते का ते शोधू लागलो. नियमाला पळवाट असतेच, हे कारकुनाइतकं कोणाला ठाऊक? होती, तीही होती. विजयी पक्षाची संमती असल्यास डाव पुन्हा मांडता येई. मी धावत फुईकडे गेलो.

“फुई, तुम्ही हो म्हणा फक्त!”

“माले काय,” फुई म्हणाली, “मी म्हणसू बी. पण यंदा पापड बाकी शेतस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दमणीला बैल जुंपले गेले. मला शहाद्याला एस.टी.पर्यंत सोडायला खुद्द आबा आले होते. यमुना दारापर्यंत आली आणि तशीच आत वळली. मी शेवटची खटपट करून बघितली.

“आबा, माझं चुकलं. पुस्तक मी आत्ता फाडतो. तुम्ही एकदा तुमच्या अधिकारात सांगा, सोंगटी घरी पोचली म्हणून. तुमचा शब्द कोण मोडणार?”

आबांनी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटतं, त्यांनाही वाईट वाटत होतं.

“काल सांगतू मी,” ते म्हणाले. “आज सांगं तर गाव म्हणी, आबा हारेल डाव फिराई ऱ्हायना. तुमनी इज्जत जाई, मन्ही बी जाई.” मग त्यांनी कासरा ओढला. “पुस्तक शे ना तुमना जोडे? तेलेच लई जा नंदुरबारले. तेच भाकर टाकी दी.”

नंदुरबारला पोचलो तो खानावळीला कुलूप. मालकही सणाला गावी गेलेला. मी खोलीवर आलो, डब्यातून ज्वारीचं पीठ काढलं, चुलीत काटक्या रचल्या आणि त्या पेटेनात म्हणून पुस्तकाचं एकेक पान लावत गेलो. आबांनी सांगितलेलं अगदीच खोटं ठरलं नाही. चूल झकास पेटली. भाकरी मात्र वरून कोळसा आणि आतून पीठ अशी झाली. तिला भाकरी म्हणायचं की नाही, हे नियमाने सांगणारं पुस्तक चुलीत जळून गेलं होतं आणि अधिकाराने सांगणारे ब्राह्मणपुरीला होते, तेव्हा मी ती तशीच, कोणताही निर्णय न देता, खाऊन टाकली.